एका पोळीची कणीक

सुखदेवकाकांच्या डब्यात एक पोळी नेहमी कच्ची असायची. तीन भाजलेल्या, सोबत वांग्याची भाजी नाहीतर लाखोळीच्या डाळीचं वरण, आणि वेगळ्या वाटीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला कणकेचा गोळा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, सकाळी काकूंची घाई झाली असावी.

"माह्या तीन, चाकाची एक," काका म्हणाले, आणि वाटी उचलून सावलीत ठेवली.

बालाघाट सोडून भरवेलीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला त्यांचं टिनाचं दुकान होतं. पाटी नव्हती. पंक्चर काढणं, टायर बदलणं, स्पोक ताणणं, वाकड्या रिमचा आऊट काढणं, अशी कामं. त्याआधी ते भरवेलीच्या खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. जमिनीखाली हवा ढकलणाऱ्या मोठ्या पंख्यांची पाती तोलायचं काम त्यांच्याकडे असे. पातं एकीकडे जड झालं की पंखा थरथरतो, बेअरिंग खातो आणि एक दिवस बंद पडतो, एवढं तिथं शिकले आणि जन्मभर विसरले नाहीत. नोकरी संपली. पंखे तिथंच राहिले. मग काकांनी जिल्ह्यातल्या मोटारसायकली धरल्या.

मी औषध कंपनीचा माणूस. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, तिरोडी असा जिल्हाभर मोटारसायकलवर फिरतो, आणि डॉक्टरांच्या दारात बसून आयुष्याचा बराच भाग घालवतो. काका मला 'गोळीवाले' म्हणायचे. "का गोळीवाले, आज कोनाले बिमार करून आला?" ही त्यांची सलामी. माझी गाडी दिवसाला शंभरेक किलोमीटर पळते, त्यामुळे टायर लवकर जायचे आणि भेटी वरचेवर व्हायच्या.

आमच्याकडे मोटारसायकलचं चाक तोलून घ्यायला कुणी जात नाही. टायर बसला, हवा भरली, निघाला माणूस. काकांकडे मात्र पंक्चरसाठी आलेलं चाकसुद्धा तोलल्याशिवाय परत मिळत नसे. एकदा एक शिपाई वर्दीत आला होता. पंक्चर निघालं तरी चाक गाडीला लागेना, तेव्हा तो खवळला.

"अरे चाचा, टाइम नहीं है. खाली पंक्चर बोला था."

"साहेब, पंक्चर तो बन गया. चक्का अभी नहीं बना," काका शांतपणे म्हणाले आणि त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. "जब तक टायर के कंकड निकालो."

शिपायानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग खाली बसून टायरच्या खाचांतले खडे टोकरू लागला. मी शेजारच्या स्टुलावर बसून हसू दाबत होतो, तर काका मलाही म्हणाले, "तू काय पाहून राह्यला? तुह्या चाकात काय कमी खडे आहेत? खडे घेऊन फिरता अन् वजन मले मागता."

मुळात चाकाला लावायचं ते शिशाचं वजन कुणीच मागत नसे. पण हे त्यांना सांगणार कोण.

त्यांची पद्धत सरळ होती. दोन लोखंडी उभे पाय, त्यांच्या डोक्यावर छोट्या बेअरिंग. चाकाच्या मधून एक गुळगुळीत सळई घालायची आणि ती त्या बेअरिंगवर टेकवायची. त्याआधी चाक धुवायचं, जुनं वजन काढायचं, खडे काढायचे. मग एका बोटानं चाकाला हलकी गती द्यायची आणि बोट काढून घ्यायचं. चाक फिरतं, मंदावतं, थोडं मागे येतं, पुढे जातं, आणि जड बाजू खाली घेऊन थांबतं. इथं कुणी अधीर होऊन चाकाला हात लावला की काकांचा आवाज चढायचा.

"हात नोको लावू! त्याचं त्याले थांबू दे."

एवढ्या शांत माणसाचा चढलेला आवाज मी फक्त याच वाक्याला ऐकला.

चाक थांबलं की त्याच्या बरोबर वर, म्हणजे हलक्या जागी, ते कणकेचा छोटा गोळा दाबायचे. पुन्हा बोट, पुन्हा वाट पाहणं. कणीक जास्त झाली तर चिमटीनं थोडी काढायची, कमी पडली तर लावायची. चाक पाव वळसा फिरवून सोडलं, अर्धा फिरवून सोडलं, कुठंही सोडलं तरी जागचं हललं नाही, की झालं. मग तो गोळा हलकेच काढून सोनाराच्या जुन्या तराजूत घालायचा आणि तेवढ्याच वजनाचं शिसं तोडायचं. तारांचं चाक असेल तर शिशाची पट्टी रिमजवळ स्पोकला घट्ट गुंडाळायची. अलॉयचं असेल तर ती जागा स्पिरिटनं पुसून नागपूरहून मागवलेली चिकट पट्टी लावायची. तिच्यावर पाच-पाच ग्रॅमचे चौकोन असत, हवे तेवढे छिनीनं तोडायचे. "हे एकदाच चिकटते," ते सांगायचे, "हात चुकला का गेलं." अंगठा दाबून मनात पन्नास मोजायचे. तेवढ्या वेळात त्यांच्याशी बोललेलं चालत नसे.

शेवटी खिशातून नेलपॉलिशची बाटली निघायची. वजनाशेजारी एक लाल ठिपका. पुढं कधी वजन पडलं तर ते कुठं होतं हे कळावं म्हणून. ही बाटली ते रविवारच्या बाजारात एकाच बांगडीवालीकडून घ्यायचे. डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद लाल, दुसरा रंग चालायचा नाही. ती विचारायची, "काकूले अजून हौस आहे हो?" काका म्हणायचे, "काकूले नाई, चाकाले." बाजार हसायचा. काकांना त्याचं काही वाटत नसे. काकूंना वाटायचं. त्यांनी मला एकदा सांगितलं, "बाप्पा, इतक्या वर्षांत माह्या नखाले एक ठिपका नाई लावला या मानसानं."

मोटारसायकलवर फिरणाऱ्यांना मी हसण्यावारी सांगायचो की एकदा काकांकडून चाक करून घ्या, मग कळेल. लोक करून घ्यायचे आणि त्यांना खरंच कळायचं. वारासिवनीच्या सरळ रस्त्यावर साठचा वेग धरला की हँडल जे मुठीत गप्प बसायचं, त्याला तोड नव्हती. खाणीच्या वसाहतीतले लोक तर नवी गाडी घेतली की शोरूममधून थेट काकांकडं आणायचे. मंदिरात किंवा बुद्धविहारात नंतर.

त्यांच्या उजव्या हाताची बोटं चालताना मला पहिल्यांदा कधी दिसली ते नीट आठवत नाही. उन्हाळा होता एवढं नक्की. काका स्टुलावर बसून बोलत होते आणि मांडीवरच्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होता, एकसारखा, कणकेतून चिमूट काढल्यासारखा. मला वाटलं, सवय आहे. इतकी वर्षं जे केलं ते बोटं रिकामपणीही करत असणार. मला त्याची गंमतच वाटली. तसं मी कुणाला तरी कौतुकानं सांगितल्याचंही आठवतं.

मी औषधं विकतो. त्या थरथरीला काय म्हणतात, तिला कोणती गोळी देतात, त्या गोळीचा रंग कोणता, हे मला पाठ आहे. तरी ओळखायला मला तीन महिने लागले.

ओळखलं तेव्हा मी हळूच विचारलं, "काका, हात हलतोय का तुमचा?"

"हौ, हालते," ते म्हणाले. त्यांनाही ते माहीत होतं. "पन पाह्य गंमत." त्यांनी पाना उचलला आणि एक्सलचा नट पकडला. हात दगडासारखा स्थिर. पाना खाली ठेवला, हात मांडीवर टेकवला, आणि पाच श्वासांत बोटं पुन्हा चालू झाली. "काम धरलं का थांबते. बसलो का सुरू. म्हनून मी बसतच नाई."

आणि खरंच, त्यानंतर मी त्यांना रिकामं बसलेलं पाहिलं नाही. गिऱ्हाईक नसलं की ते पान्यांना तेल लावायचे, स्पोक वेचून ठेवायचे, चहा पितानाही दुसऱ्या हातात काहीतरी धरायचे. लोक म्हणायचे, या वयात काय उमेद आहे! मला मात्र ते पाहवत नसे.

त्यांना गोंदियाला एका डॉक्टरांकडे घेऊन जाण्याचं काम मी केलं. तेवढं एक काम मी नीट केलं. डॉक्टर ओळखीचे, नंबर आधी लागला. त्यांनी काकांना कागदावर गोल-गोल फिरत जाणारी रेघ काढायला सांगितली. काकांनी काढली, ती आत जाता जाता बारीक होत गेली आणि थरथरली. डॉक्टर रेघ बघत होते, काका वर बघत होते.

"साहेब, तुमचा पंखा हालून राह्यला."

"हो, जुना आहे," डॉक्टर म्हणाले.

"जुना नाई. एका पात्याले कमी आहे. बंद करा. एक रुपयाचं नानं अन् चिकटपट्टी द्या."

डॉक्टर हसले, पण त्यांनी कंपाउंडरला स्टूल आणायला लावलं. पंखा थांबताना काकांनी पाहिला, आणि त्यांनी खालून सांगितलं त्या पात्यावर नाणं चिकटलं. पंखा लावला. तो असा गप्प फिरू लागला की बाहेरच्या बाकावरच्या पेशंटचं बोलणं आत ऐकू आलं. डॉक्टर वर पाहतच राहिले. खाली मांडीवर काकांची बोटं चालूच होती, आणि त्यासाठी नाणं लावायची जागा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हती.

गोळ्या सुरू झाल्या. दीड-दोन वर्षं बरी गेली. मग हळूहळू काम धरल्यावरही हात थांबेनासा झाला.

हे मला कळलं ते कटंगीच्या रस्त्यावर. काकांनी आदल्याच दिवशी पुढचं चाक करून दिलं होतं. पन्नासपर्यंत ठीक. त्याच्या वर गेलो की हँडल मुठीत नाचायला लागलं. मला वाटलं, रस्ता असेल. मग वाटलं, बेअरिंग असेल. शेवटी गाडी बाजूला लावून चाकाकडं पाहिलं. एकावर एक चिकटवलेली वजनं, त्यातलं एक तिरकं, शेजारी फिसकटलेला लाल ठिपका. एवढं वजन माझ्या चाकाला कधीच लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काही न बोलता त्यांच्या दुकानात जाऊन बसलो आणि दुसऱ्याच कुणाचं चाक ते कसं करतात ते पाहिलं. चाक सळईवर होतं. काकांनी बोटानं गती दिली. बोट काढताना ते थरथरलं आणि चाकाला आणखी एक टिचकी बसली, त्यांच्या नकळत. चाक भलत्याच जागी थांबलं. काकांनी तिथं वर कणीक लावली. पुन्हा बोट, पुन्हा टिचकी, चाक दुसरीकडेच थांबलं. मग आणखी कणीक. जी चूक चाकात नव्हतीच ती ते मनापासून दुरुस्त करत होते.

"आजकाल टायरच खराब येऊन राह्यले," ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "चाळीस-चाळीस ग्रॅम लागून राह्यलं, गोळीवाले. पयले दहात काम होये."

मी म्हणालो, "हो काका, टायरच खराब येतात."

माझं पहिलं खोटं हे. ते बोलताना मी फार विचार केला नाही. सांगावं तर दुकान बंद होणार. दुकान बंद झालं की हात मांडीवर येणार, आणि मांडीवर आलेला हात मग थांबणारच नाही. तो माणूस ज्याच्या भीतीनं कधी बसला नव्हता, तिथं त्याला मी नेऊन बसवायचं? आणि न सांगावं तर अशी चाकं घेऊन लोक रस्त्यावर निघणार. त्यात बायका-पोरं मागे बसलेली असणार. शेवटी मी तिसराच रस्ता धरला. आजही तो सांगताना माझी मान वर होत नाही.

वारासिवनीला सुनील लिल्हारे नावाच्या चाळिशीतल्या माणसानं टायरचं नवं दुकान टाकलं होतं. चाक तोलणं तो काकांचं पाहून पाहूनच शिकला होता. मी त्याच्याकडे गेलो. माझं चाक पाहताच तो म्हणाला, "काका का है ना, भैया?" आणि आवाज खाली आणून मराठीत आला. "या महिन्यात तुमी सातवे. सब लोग येऊन राह्यले. कोनीच त्याहिले सांगत नाई."

त्यानं काकांची वजनं काढली, चाक तोललं. दहा ग्रॅम लागले. नवं वजन दुसऱ्याच जागी बसलं, आणि मला एकदम आठवलं की काका चाक हातात घेतल्यावर आधी ठिपका शोधतात.

"सुनीलभाऊ, जुना ठिपका पुसून इथं नवा लाव," मी म्हणालो. "लाल. म्हणजे त्यांना कळणार नाही."

समोरच्या दुकानातून मीच नेलपॉलिश आणलं. सुनीलला कल्पना पटली. पुढे काकांचं जे कुणी गिऱ्हाईक यायचं त्याच्या चाकावर तो नव्या वजनाशेजारी ठिपका लावून द्यायचा. म्हणजे काका दिवसभर चाकं करायचे, लोक त्यांच्यासमोर मान डोलवायचे, आणि तिथून निघून वारासिवनीला जाऊन ती पुन्हा करून घ्यायचे. सगळ्यांचं काकांवर फार प्रेम होतं. त्या प्रेमापायीच आम्ही मिळून त्यांना बरेच महिने फसवलं.

मग पावसाळ्यानंतर माझंच पुढचं चाक पंक्चर झालं, तेही त्यांच्या दुकानापासून हाकेवर. टाळायला जागा नव्हती. त्यांनी चाक सोडवलं, पंक्चर काढलं, चाक धुतलं, चष्मा लावला आणि रिम फिरवत ठिपका शोधला. तो सापडल्यावर त्यावर अंगठा फिरवला. चाक उजेडाकडे धरलं.

"हा लाल माहा नोये," ते म्हणाले.

डाळिंबाच्या जागी मी आणलेला लाल भडक, गाडीच्या मागच्या दिव्यासारखा होता. रंगाचा विचार तेव्हा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

त्यांनी सळई चाकातून घातली, चाक उभ्या पायांवर टेकवलं, आणि बोट पुढं केलं. ते हलत होतं. त्यांनी ते पाहिलं. मग हात मागे घेतला आणि मला म्हणाले, "तू सोड."

मी चाकाला गती देऊन हात काढला. चाक थांबलं. पाव वळसा फिरवून सोडलं, थांबलं. अर्धा, पाऊण. जिथं सोडलं तिथंच उभं.

"बरोबर आहे. कोनं केलं?"

"सुनीलनं. वारासिवनीच्या."

"चांगलं केलं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माहं चुकत होतं?"

"हो काका."

"कवापासून?"

मी सांगितलं.

"किती जनायचं?"

"सगळ्यांचं."

मला वाटलं, आता ते रागावतील. ते रागावले असते तर मला किती बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "माह्या चाकावरून कोनी पडलं का?"

"नाही काका."

"खरं सांग. पोरं-बाळं घेऊन जाते लोक."

"खरंच नाही. कोणी नाही पडलं."

ते उठले, माझ्याकडून चाक गाडीला लावून घेतलं, दुकानाला कुलूप लावलं आणि माझ्या गाडीच्या मागे येऊन उभे राहिले. "चाल. सगळ्यायची वजनं काढून आनू."

मी परोपरीनं सांगितलं की लोकांनी ती आधीच काढून घेतलीत. त्यांनी ऐकलं नाही. दोन दिवस मी त्यांना मागे बसवून फिरवलं. कुणाचं नाव त्यांना आठवत नसे, गाड्या आठवत. "ज्याच्या स्टँडची स्प्रिंग सुटते तो." "ज्याची टाकी बायकोनं दुसऱ्या रंगानं रंगवली तो." भरवेलीच्या वसाहतीत घरोघर गेलो, मग वारासिवनी, कटंगी. सगळीकडे तेच. काकांना दारात पाहून माणूस गोरामोरा व्हायचा. गाडीच्या चाकावर सुनीलचं वजन, शेजारी माझ्या भडक लाल रंगाचा ठिपका. आणि सगळीकडे तेच उत्तर, "काका, तुमचं वजन पडलं होतं, म्हणून..."

"हौ, पडते," काका म्हणायचे.

चौथ्या-पाचव्या घरानंतर त्यांनी चाकाकडे पाहणंच सोडलं. चहा घ्यायचे, घरच्यांची चौकशी करायचे आणि उठायचे. चहाची बशी त्यांच्या हातात वाजायची आणि त्या घरातले सगळे दुसरीकडे बघायचे.

शेवटी तिरोडी. स्टेशनाजवळ बिसेनबाबू राहायचे, दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. त्यांची मोटारसायकल सायकलच्या वेगानं स्टेशनपर्यंत जायची आणि पेपर घेऊन परत यायची. त्यांना हँडल नाचण्याचा प्रश्नच कधी आला नव्हता. काकांना पाहून ते हरखले.

"या, या! पाहा, तुमच्या हातचं चाक आहे. कोनाले हात लावू नाई देला मी."

खरंच ते काकांच्या हातचं होतं. तीन वजनं एकावर एक, वाकडी, आणि शेजारी डाळिंबाचा ठिपका चाकभर ओघळलेला. जिल्हाभर फिरून आम्हाला काकांचं काम सापडलं ते हे एवढंच.

काका चाकासमोर खाली बसले. खिशातून छिनी काढली आणि वजनाच्या कडेला लावली. ती घसरली. पुन्हा लावली. बिसेनबाबू पुढं झाले तर काका म्हणाले, "हात नोको लावू." मीही जागचा हललो नाही. दहा मिनिटं झाली असतील, वीस झाली असतील. एक वजन निघालं, दुसरं निघालं. तिसरं त्यांनी नखानं काढलं आणि नखाला रक्त आलं. मग स्पिरिटच्या फडक्यानं ठिपका पुसला, पुसतच राहिले, तिथं काही उरलं नव्हतं तरी. तिन्ही वजनं खिशात टाकून ते बिसेनबाबूंना म्हणाले, "वारासिवनीले सुनीलकडून लावून घ्या. चांगलं करते तो."

"पन मले तर काई फरक वाटत नाई, काका!" बिसेनबाबू म्हणाले. तेच एक खरं बोलले.

परत येताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. कटंगी गेली, वारासिवनी गेली. चाक अगदी नीट चाललं होतं. हलत होता तो माझा खांदा. मला माफी मागायची होती, आणि ती कोणत्या शब्दांत मागायची ते बालाघाट येईपर्यंत सुचलं नाही. दुकान आलं तेव्हा तेच म्हणाले, "लाल तरी पाहून आनायचा होता, गोळीवाले."

दुकान त्यानंतर उघडलं नाही. लोखंडी पाय, सळई, सोनाराचा तराजू सगळं सुनील घेऊन गेला. काकांनीच बोलावून दिलं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो होतो. दुपार होती. काका ओसरीवर खुर्चीत बसले होते, आता चेहरा फारसा हलत नाही त्यांचा. आवाजही बारीक झालाय, कान पुढे करून ऐकावा लागतो. "कोनाले बिमार करून आला?" एवढं मात्र म्हणाले. काकूंनी मला जेवायला बसवलं. नको नको म्हणत असताना ताटात गरम पोळी पडली.

"खा. एक जास्तच होते रोज," काकू म्हणाल्या. "हाताले सवय पडली. पीठ तेवढंच घेतल्या जाते."

चाकाची पोळी होती ती. मी खाल्ली. टाकवली नाही.

जेवून मी ओसरीवर त्यांच्याजवळ बसलो. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं चालली होती, अंगठा तर्जनीवर, थांबत नव्हती. काकू ताट उचलून आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि खाली बसून त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. थरथर त्यांच्या बांगड्यांपर्यंत पोचली.

काकांनी मान थोडी वळवली.

"हात नोको लावू," ते म्हणाले. "त्याचं त्याले थांबू दे."

काकूंनी हात सोडला. आम्ही तिघं त्या हाताकडे बघत, वाट पाहत बसलो.